यॉर्कचे ड्यूकपद: धाकट्या राजपुत्रांच्या किताबाचा इतिहास

इंग्लंडच्या सरदारवर्गात ड्यूक हा सर्वांत वरचा दर्जा असून त्याखाली मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट आणि बॅरन असे दर्जे उतरत्या क्रमाने येतात. हा सर्वोच्च दर्जा त्या देशात बराच उशिरा आला. १०६६च्या नॉर्मन विजयानंतर सुमारे पावणेतीनशे वर्षे इंग्लंडमध्ये एकही ड्यूक नव्हता. तेथील राजे फ्रान्समधील आपल्या मुलखांच्या नात्याने स्वतःच ड्यूक म्हणवून घेत आणि आपल्या बरोबरीचा किताब प्रजाजनास देणे त्यांना प्रशस्त वाटत नसावे, असे त्याचे कारण सांगितले जाते. १३३७ मध्ये तिसऱ्या एडवर्डने आपल्या थोरल्या मुलास कॉर्नवॉलचे ड्यूकपद देऊन ही प्रथा मोडली आणि त्यानंतर राजपुत्रांना ड्यूक करण्याचा पायंडा पडला. याच पायंड्यातून निघालेले यॉर्कचे ड्यूकपद १३८५ पासून आजवर अकरा वेळा नव्याने दिले गेले, चौदा जणांनी ते धारण केले आणि त्यांपैकी सहा जण इंग्लंडच्या गादीवर बसले. तरीही १४६१ नंतर हे पद बापाकडून मुलाकडे एकदाही गेलेले नाही. इतक्या वरच्या मानाचे आणि वंशपरंपरागत म्हणून दिलेले पद साडेपाचशे वर्षांत एकदाही वारशाने उतरू नये, ही या इतिहासातील सर्वांत लक्षणीय गोष्ट होय.

ती समजून घेण्यासाठी या पदाचा कायदा थोडा पाहावा लागतो. ड्यूकपद राजाच्या सनदेने निर्माण होते आणि ते पुढे कोणाकडे जावे हे त्या सनदेतच लिहिलेले असते. राजघराण्यातील ड्यूकपदांच्या सनदांत बहुधा धारकाच्या औरस पुरुष वंशजांनाच वारस मानलेले असते. मुली किंवा मुलींची मुले त्यात येत नाहीत. असा वंशज उरला नाही की पद लोप पावते आणि राजा ते पुन्हा वाटेल त्यास नव्याने देऊ शकतो. दुसरा मार्ग निराळा आहे. सर्व मानमरातबांचा उगम राजापासून होतो, म्हणून राजा स्वतः कोणाचा सरदार असू शकत नाही. ड्यूक असलेला राजपुत्र गादीवर आला की त्याचे ड्यूकपद राजपदात विलीन होते आणि वेगळे उरत नाही. यॉर्कचे पद आलटून पालटून याच दोन वाटांनी संपत गेले. त्याखेरीज ड्यूकपद आणि त्याखालची जमीन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॉर्नवॉल आणि लँकेस्टर यांच्याशी जोडलेल्या मोठ्या मिळकती आजही स्वतंत्रपणे चालतात, पण यॉर्कला अशी जोड नाही. मराठी दफ्तरांच्या भाषेत सांगायचे तर कॉर्नवॉल हे वतन आहे आणि यॉर्क हा निव्वळ किताब आहे.

आरंभी तो इतका निव्वळ नव्हता. तिसऱ्या एडवर्डचा वयात आलेल्या मुलांपैकी चौथा मुलगा एडमंड ऑफ लँगली यास त्याचा पुतण्या दुसरा रिचर्ड याने ऑगस्ट १३८५ मध्ये, स्कॉटलंडवरील स्वारीत असताना, यॉर्कचा ड्यूक केले आणि त्याच वेळी एडमंडचा धाकटा भाऊ टॉमस यास ग्लॉस्टरचे ड्यूकपद दिले. एडमंडला किताबाबरोबर पुरेशी जमीन देण्याइतकी राजाची ऐपत नव्हती, म्हणून सरकारी उत्पन्नातून वर्षाला १००० पौंडांची नेमणूक बांधून देण्यात आली. एडमंडला राजकारणापेक्षा शिकारीची गोडी अधिक होती. १३९९ मध्ये दुसरा रिचर्ड आयर्लंडला गेला असता राज्याचा कारभार एडमंडकडे सोपवलेला होता. त्याच सुमारास हद्दपार झालेला दुसरा पुतण्या हेन्री बोलिंगब्रोक परत आला, तेव्हा एडमंडने काही काळ चाचपडून अखेर त्याचाच पक्ष धरला आणि रिचर्डचे राज्य गेले. चौथा हेन्री म्हणून गादीवर आलेल्या या पुतण्याच्या लँकेस्टर घराण्याविरुद्धच पुढे एडमंडच्या नातवाने शस्त्र उपसले.

दुसरा ड्यूक एडवर्ड हा बापाहून अधिक चतुर आणि कमी भरवशाचा होता. त्याच्या निष्ठा अनेकदा बदलल्या, १४०५ मध्ये त्यास कैदेतही पडावे लागले. तथापि त्याचे नाव राहिले ते एका ग्रंथामुळे. गॅस्टन फीबस या फ्रेंच सरदाराच्या शिकारविषयक ग्रंथाचे त्याने इंग्रजीत भाषांतर केले, त्यात काही प्रकरणांची स्वतःची भर घातली आणि ‘द मास्टर ऑफ गेम’ या नावाने ते पुस्तक पुढे पाचवा हेन्री झालेल्या युवराजास अर्पण केले. शिकारीवरील इंग्रजीतील सर्वांत जुने पुस्तक म्हणून त्याची गणना होते. २५ ऑक्टोबर १४१५ रोजी अ‍ॅजिनकोर्टच्या लढाईत इंग्रजांची हानी फारच थोडी झाली, परंतु पडलेल्यांत सर्वांत वरच्या दर्जाचा माणूस हा ड्यूकच होता. त्यास मूल नव्हते. धाकटा भाऊ केंब्रिजचा अर्ल रिचर्ड याचे राजाविरुद्धच्या कटाबद्दल जेमतेम तीन महिन्यांपूर्वी शिर उडवण्यात आले होते, त्यामुळे चार वर्षांचा पुतण्या रिचर्ड हा त्याचा वारस ठरला. ज्या राजाने बापाला मारले त्याच राजाच्या लढाईत मेलेल्या चुलत्याचे पद या पोरक्या मुलाकडे आले.

या तिसऱ्या ड्यूकच्या हाती यॉर्कचे पद प्रथमच खरे बलवान झाले, आणि तेही यॉर्कच्या जमिनींमुळे नव्हे. त्याची आई ॲन मॉर्टिमर हिच्याकडून १४२५ मध्ये मॉर्टिमर घराण्याचा प्रचंड वारसा, म्हणजे वेल्सच्या सीमेवरील लडलोसारखे किल्ले आणि आयर्लंडमधील जमिनी, त्याच्याकडे आला आणि त्याचबरोबर गादीवरचा एक हक्कही आला. मॉर्टिमर हे तिसऱ्या एडवर्डच्या लायनेल या मुलाच्या मुलीचे वंशज होते, तर राज्य करणारे लँकेस्टर घराणे लायनेलच्या पाठचा भाऊ जॉन ऑफ गाँट याचे होते. स्त्रीच्या द्वारे आलेला हक्क ग्राह्य धरला तर यॉर्कची शाखा वरची, न धरला तर लँकेस्टरची; पुढील तीस वर्षांच्या रक्तपाताची कायदेशीर बाजू एवढ्या एका मुद्द्यात आहे. हा मुद्दा सहावा हेन्री समर्थ राजा असता तर कागदावरच राहिला असता. पण हेन्री दुर्बळ निघाला, फ्रान्समधील मुलूख हातचा गेला, १४५३ मध्ये राजाचे चित्त इतके भ्रमिष्ट झाले की त्यास समोरचे माणूस ओळखू येईना, आणि रिचर्डला राज्यरक्षक नेमावे लागले. मे १४५५ मध्ये सेंट ऑल्बन्स येथे तलवारी उपसल्या गेल्या. ऑक्टोबर १४६० मध्ये पार्लमेंटने अशी तडजोड केली की हेन्रीने मरेपर्यंत राज्य करावे आणि त्यामागून गादी रिचर्ड व त्याच्या मुलांकडे जावी. ही तडजोड राणी मार्गारेटच्या पक्षाने मानली नाही आणि ३० डिसेंबर १४६० रोजी वेकफील्ड येथे रिचर्ड मारला गेला. त्याचे शिर, त्यावर कागदाचा मुकुट ठेवून, यॉर्क शहराच्या मिकलगेट बार या वेशीवर टांगण्यात आले. ज्या शहराचे नाव त्याने आयुष्यभर मिरवले, त्या शहराशी त्याचा सर्वांत प्रसिद्ध संबंध हा एवढाच होय. चौथा ड्यूक, म्हणजे त्याचा अठरा वर्षांचा मुलगा एडवर्ड, दोन महिन्यांत लंडनला पोहोचून ४ मार्च १४६१ रोजी चौथा एडवर्ड म्हणून राजा झाला आणि यॉर्कचे पद राजपदात विरून गेले.

दुसऱ्यांदा हे पद याच एडवर्डने मे १४७४ मध्ये आपल्या दुसऱ्या मुलास, श्रूझबरी येथे जन्मलेल्या रिचर्डला, दिले आणि राजाच्या दुसऱ्या मुलाने यॉर्कचा ड्यूक व्हावे ही रीत येथून सुरू झाली. या रीतीमागे केवळ ममता नव्हती. थोरला मुलगा प्रिन्स ऑफ वेल्स होणार हे ठरलेले असे. दुसऱ्यास मोठा किताब देऊन दरबारात बांधून ठेवणे, त्यास श्रीमंत घराण्यात लग्न करून देणे आणि त्याचा खर्च शक्य तितका सासरच्या मिळकतीवर टाकणे, हा रोकडा व्यवहार होता. त्याप्रमाणे जानेवारी १४७८ मध्ये चार वर्षांच्या रिचर्डचे लग्न नॉरफकच्या मृत ड्यूकची पाच वर्षांची एकुलती मुलगी ॲन मोब्रे हिच्याशी लावण्यात आले. १४८१ मध्ये ती वारली, तेव्हा तिची मिळकत तिच्या खऱ्या वारसांना न देता बालड्यूककडेच राहावी असा पार्लमेंटचा कायदा करून घेण्यात आला. डावलल्या गेलेल्या वारसांत जॉन हॉवर्ड हा सरदार होता. एडवर्डच्या मृत्यूनंतर १४८३ मध्ये चुलता तिसरा रिचर्ड गादीवर आला, बालड्यूक आणि त्याचा थोरला भाऊ हे दोन्ही राजपुत्र लंडनच्या टॉवरमध्ये दिसेनासे झाले आणि हॉवर्ड नॉरफकचा ड्यूक झाला. त्या मुलांचे काय झाले याचा निर्णायक पुरावा नाही. १६७४ मध्ये टॉवरच्या एका जिन्याखाली सापडलेल्या दोन मुलांच्या हाडांना दुसऱ्या चार्ल्सने वेस्टमिन्स्टर ॲबीत जागा दिली, पण ती हाडे त्यांचीच, हे त्यामुळे सिद्ध होत नाही.

नाहीशा झालेल्या ड्यूकची जागा घ्यायला तोतया पुढे यावा हे ओघानेच आले. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या तोतयाने माजवलेला गोंधळ ज्यांना ठाऊक आहे त्या वाचकांना हा प्रकार परका वाटणार नाही. १४९१ पासून पर्किन वॉरबेक नावाचा तरुण आपणच यॉर्कचा ड्यूक रिचर्ड असल्याचे सांगू लागला आणि चौथ्या एडवर्डची बहीण, बर्गंडीची मार्गारेट, तसेच स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स यांनी त्यास उचलून धरले. त्या वेळी राज्य करणाऱ्या सातव्या हेन्रीने केलेला प्रतिडाव या किताबाच्या राजकीय उपयोगाचे सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे. १ नोव्हेंबर १४९४ रोजी त्याने आपला दुसरा मुलगा हेन्री यास यॉर्कचा ड्यूक केले. तीन वर्षे चार महिन्यांच्या या मुलास लंडन शहरातून घोड्यावरून मिरवण्यात आले, आदल्या रात्री नाइट होण्याचे सर्व विधी त्याच्याकडून करवून घेण्यात आले आणि पाठोपाठ घोडेस्वारांच्या भाल्यांच्या द्वंद्वांचे सोहळे झाले. यॉर्कचा ड्यूक हा आहे, दुसरा कोणी असेल तर तो ठग, हे लोकांच्या डोळ्यांसमोर ठेवण्यासाठीच हा सारा खर्च होता. वॉरबेक १४९७ मध्ये पकडला गेला व १४९९ मध्ये फासावर गेला. त्यानंतर अडीच वर्षांनी थोरला राजपुत्र आर्थर मरण पावला आणि हा बालड्यूक पुढे आठवा हेन्री झाला.

स्टुअर्ट घराण्यात हाच क्रम दोनदा घडला. पहिल्या जेम्सचा दुसरा मुलगा चार्ल्स १६०५ मध्ये यॉर्कचा ड्यूक झाला, १६१२ मध्ये थोरला भाऊ हेन्री वारल्याने युवराज व १६२५ मध्ये राजा झाला, आणि १६४९ मध्ये पार्लमेंटपक्षाने त्याचा शिरच्छेद केला. त्याचा दुसरा मुलगा जेम्स यास जन्मापासून याच नावाने ओळखत असले तरी सनद १६४४ मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, मिळाली. हा जेम्स १६६० नंतर भाऊ दुसरा चार्ल्स याचा नौदलप्रमुख होता आणि यॉर्कचे नाव जगाच्या नकाशावर गेले ते त्याच्यामुळे. मार्च १६६४ मध्ये चार्ल्सने उत्तर अमेरिकेतील डचांचा मुलूख जिंकण्याआधीच भावाला बहाल करून टाकला. त्याच वर्षी चार जहाजांनी न्यू ॲम्स्टरडॅम घेतले व त्याचे नाव न्यू यॉर्क झाले. जेम्सचा स्कॉटलंडमधील किताब ऑल्बनीचा ड्यूक असा होता, म्हणून हडसन नदीच्या वरच्या अंगाच्या डच ठाण्यास ऑल्बनी हे नाव पडले. त्या सनदेतील एक तपशील मुंबईच्या इतिहासाशी जुळतो. जेम्सला हा मुलूख केंट परगण्यातील ईस्ट ग्रीनिच या राजाच्या जहागिरीचा भाग समजून, मागणी झाल्यास वर्षाला बीव्हर या प्राण्याची ४० कातडी देण्याच्या बोलीवर मिळाला होता. आणि पोर्तुगीज राजकन्येशी झालेल्या विवाहाच्या तहाने चार्ल्सकडे आलेले मुंबई बेट १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीस दिले गेले तेही त्याच ईस्ट ग्रीनिचचा भाग समजून, वर्षाला सोन्याच्या १० पौंडांवर. हडसन नदीचे खोरे आणि मुंबईचे बेट, दोन्ही कागदोपत्री लंडनजवळच्या एकाच जहागिरीत मोडत होती. लष्करी सेवा लागू नये आणि करार सुटसुटीत राहावा यासाठी वकिलांनी काढलेली ही युक्ती होती.

जेम्सच्या कारकिर्दीची दुसरी बाजू किताबाच्या गौरवपर इतिहासांत पुसट होते. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून गुलामांचा व्यापार करणाऱ्या शाही कंपनीचा तो प्रमुख होता आणि पकडलेल्या माणसांच्या अंगावर तापल्या लोखंडाने ड्यूक ऑफ यॉर्क या नावाच्या आद्याक्षरांचे डाग दिले जात. जेम्सने कॅथलिक पंथ स्वीकारल्यामुळे १६७३ च्या कायद्याने त्यास नौदल सोडावे लागले, त्यास वारसाहक्कातून वगळण्याचे प्रयत्न पार्लमेंटमध्ये फसले, १६८५ मध्ये तो दुसरा जेम्स म्हणून राजा झाला व १६८८ च्या अखेरीस फ्रान्सला पळाला. त्याचा नातू हेन्री बेनेडिक्ट हा रोममध्ये कार्डिनल होता आणि परागंदा दरबाराने दिलेला यॉर्कचा ड्यूक हा किताब १८०७ पर्यंत लावीत राहिला. इंग्लंडच्या दृष्टीने त्यास काही किंमत नव्हती.

हॅनोव्हर घराण्याने यॉर्क आणि ऑल्बनी असा जोडकिताब तीनदा दिला. पहिल्या जॉर्जचा भाऊ अर्नेस्ट ऑगस्टस १७१६ मध्ये आणि तिसऱ्या जॉर्जचा भाऊ एडवर्ड १७६० मध्ये त्याचे धारक झाले. दोघेही अविवाहित मेले आणि दोघांविषयीही फार लिहिण्यासारखे नाही. तिसरा धारक फ्रेडरिक मात्र या संपूर्ण मालिकेत, राजे झालेले सोडता, सर्वांत कर्तबगार म्हणावा लागेल, जरी लोकांच्या स्मरणात तो एका बालगीतातील टेकडीवर फौज चढवून पुन्हा उतरवणारा ड्यूक म्हणूनच उरला आहे. तिसऱ्या जॉर्जचा हा दुसरा मुलगा १७८४ मध्ये ड्यूक झाला. १७९३ ते १७९४ या काळात फ्लँडर्समध्ये आणि १७९९ मध्ये हॉलंडमध्ये त्याने लढवलेल्या मोहिमा फसल्या. रसद, अधिकारी आणि शिस्त यांची दुर्दशा त्याने फ्लँडर्समध्येच डोळ्यांनी पाहिली आणि १७९५ मध्ये सैन्याची सूत्रे हाती येताच ती सुधारण्यास घेतली. सैन्यातील अधिकारपदे तेव्हा पैसे मोजून रीतसर विकत मिळत, त्यामुळे शाळकरी पोरेही कॅप्टन होत. दोन वर्षांच्या नोकरीशिवाय कॅप्टन नाही आणि सहा वर्षांशिवाय मेजर नाही, असा नियम त्याने घातला आणि अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी लष्करी महाविद्यालय उभे राहण्यास पाठबळ दिले. फ्लँडर्सच्या त्याच मोहिमेत आर्थर वेलस्ली नावाचा एक तरुण अधिकारी फौज कशी चालवू नये याचे धडे घेत होता. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे आणि भोसले यांच्या फौजेविरुद्ध तोच सेनापती होता, आणि तेथे लढलेल्या ७४ व ७८ क्रमांकाच्या हायलँडर पलटणी कंपनीच्या नव्हत्या. त्या राजाच्या, म्हणजे लंडनमध्ये बसलेल्या या ड्यूकच्या सैन्यातल्या होत्या.

फ्रेडरिकची नाचक्की झाली ती रणांगणाबाहेर. त्याची रखेल मेरी ॲन क्लार्क हिने पैसे घेऊन अधिकारपदांसाठी त्याच्याकडे शिफारशी केल्याचे प्रकरण १८०९ मध्ये पार्लमेंटमध्ये उपस्थित झाले आणि कित्येक आठवडे साऱ्या देशाची करमणूक झाली. कॉमन्स सभेने २७८ विरुद्ध १९६ मतांनी त्यास लाच घेतल्याच्या आरोपातून मोकळे केले, तरी त्यास राजीनामा द्यावा लागला. दोन वर्षांनी तो पुन्हा त्याच पदावर आला आणि १८२७ मध्ये मरेपर्यंत राहिला. त्याच्यामागून ते पद वेलस्लीकडे, म्हणजे आता वेलिंग्टनच्या ड्यूककडे, गेले. लंडनच्या वॉटर्लू प्लेसमध्ये १८३४ मध्ये त्याचा पुतळा एका उंच स्तंभावर चढवण्यात आला. त्यासाठी सैनिकांचा एक दिवसाचा पगार कापला होता. ड्यूक कर्जात बुडून मेला असल्याने सावकारांपासून दूर राहावे म्हणून त्यास इतके उंच चढवले, अशी थट्टा लोकांनी केली. फ्रेडरिकला औरस संतान नव्हते आणि पद पुन्हा लोपले.

पासष्ट वर्षांनी व्हिक्टोरिया राणीने ते पुन्हा काढले. जानेवारी १८९२ मध्ये तिच्या थोरल्या मुलाचा थोरला मुलगा आल्बर्ट व्हिक्टर इन्फ्लुएन्झाने वारला आणि त्याचा धाकटा भाऊ जॉर्ज मे महिन्यात यॉर्कचा ड्यूक झाला. तो १९०१ मध्ये युवराज झाला, ११ नोव्हेंबर १९०५ रोजी त्याच्या हस्ते मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची, कोनशिला बसली, आणि पाचवा जॉर्ज म्हणून २ डिसेंबर १९११ रोजी तो मुंबईच्या ज्या धक्क्यावर उतरला तेथे पुढे गेटवे ऑफ इंडिया उभे राहिले. त्याचा दुसरा मुलगा आल्बर्ट १९२० मध्ये ड्यूक झाला. बोलताना अडखळणारा, संकोची असा हा राजपुत्र डिसेंबर १९३६ मध्ये थोरल्या भावाने सिंहासन सोडल्यामुळे सहावा जॉर्ज झाला आणि भारताचा शेवटचा सम्राट ठरला. धाकट्यांचा हा वारंवार झालेला राज्ययोग पाहून कोणी या किताबास शुभ म्हणते, तर निःसंतान धारक पाहून कोणी शापित. वस्तुतः त्यात गूढ काही नाही. ज्या काळात तरुण माणसे देवी, विषमज्वर, इन्फ्लुएन्झा यांनी सहज मरत, त्या काळात दुसऱ्या मुलावर गादी येणे स्वाभाविक होते, आणि औरस पुरुष संततीची अट असली की किताब लुप्त होणेही तितकेच स्वाभाविक. राजसत्तेच्या मात्र हे पथ्यावरच पडले. पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या एका यॉर्क घराण्याने पंधराव्या शतकात सिंहासन उलथवले होते. तसे दुसरे घराणे उभे राहण्याआधीच प्रत्येक वेळी किताब राजाच्या हाती परत आला.

अकराव्यांदा हे पद दुसऱ्या एलिझाबेथ राणीचा दुसरा मुलगा अँड्र्यू यास २३ जुलै १९८६ रोजी, त्याच्या लग्नाच्या दिवशी, मिळाले. फॉकलंड युद्धात हेलिकॉप्टर चालवलेल्या या ड्यूकची कीर्ती जेफ्री एपस्टीन या लैंगिक गुन्हेगाराशी असलेल्या संबंधांमुळे गेली; अँड्र्यूने आपल्यावरील आरोप नाकारले आहेत. नोव्हेंबर २०१९ मध्ये तो सार्वजनिक कामांतून बाजूला झाला, एप्रिल २०२२ मध्ये यॉर्कच्या नगरपरिषदेने शहराचे सन्माननीय नागरिकत्व काढून घेतले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये राजा तिसरा चार्ल्स याने त्याचे किताब काढून घेण्याची कारवाई सुरू करून सरदारांच्या नोंदवहीतून त्याचे नाव वगळले. सनदेने दिलेले ड्यूकपद कायमचे रद्द करण्यासाठी मात्र पार्लमेंटचा कायदा लागतो आणि २०२५ अखेर तसा कायदा झालेला नव्हता. अँड्र्यूला दोन मुली आहेत, मुलगा नाही. त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने अजून जिवंत असलेले हे पद त्याच्या पश्चात, आधीच्या सर्वांप्रमाणेच, राजाकडे परत जाईल.